वरमाईच्या हातातला भुंगा

नाही, मला एक सांगा... बायको दवाखान्यात टेबलावर आडवी, तर माणूस बाहेरून कुणाला बोलावतो? मोठ्या डॉक्टरला बोलावतो, रक्त द्यायला भावाला बोलावतो, अगदीच काही सुचेनासं झालं तर भगताला बोलावतो. आम्ही कुणाला बोलावलं? कासारणीला! हो हो, कासारीण! बांगड्या भरणारी! दवाखान्याच्या दारात रिक्षातून उतरली, काखेत बांगड्यांची पेटी, आणि वॉचमन म्हणतो, "बाई, भेटायची वेळ चारनंतर." तर ही त्याला काय म्हणते, "मी भेटायला नाय आली, माझ्याशिवाय आत डॉक्टरचं अडलंय." आणि तुम्हाला सांगतो, खोटं बोलत नव्हती हो! खरंच अडलं होतं!

हसा, हसा, तुमचं काय जातंय! तुम्ही तिथं त्या बाकावर बसला असतात म्हणजे कळलं असतं. मी धर्मा, चांदीपचा. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो, त्यामुळं आवाज जरा मोठा आहे, माफ करा, "पुढं सरका, पुढं सरका" करून करून घसा तसाच राहिलाय. तर तीस वर्षांत मी गाडीत काय काय बघितलं नाही... पण बायकोच्या हातातला भुंगा बंद पडल्यावर जे बघितलं ना, ते नाही बघितलं.

भुंगा म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आमची जिजा, म्हणजे माझी बायको, तिच्या दोन्ही किडन्यांनी तीन वर्षांपूर्वी राजीनामा दिला. एकीनं नाही, दोघींनी, मिळून! बीपी होतं, गोळ्या घेत नव्हती, "मला काय धाड भरलीय" म्हणायची, भरली धाड. मग सोमवार, बुधवार, शुक्रवार आचोळ्याला डायलिसिस. चार-चार तास रक्त बाहेर काढायचं, मशीनमधून धुवून काढायचं, परत आत सोडायचं. आता एवढं रक्त एवढ्या जोरात बाहेर काढायला आपल्या साध्या शिरा पुरतात होय? नाही पुरत. म्हणून डॉक्टर काय करतात, मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकींना जोडून देतात. धमनीचं जोराचं रक्त धाडकन त्या शिरेत जातं, शीर महिन्या-दीड महिन्यात अशी अंगठ्याएवढी फुगते, आणि मग तिच्यात जाड सुया घालता येतात. त्याला म्हणतात फिस्टुला. हिचा डाव्या हाताला आहे. आणि त्याच्यावर नुसतं बोट ठेवा... आत घूंऽऽऽ घूंऽऽऽ! रक्त पळतंय त्याची थरथर. तिथला टेक्निशियन विकी, चांगला पोरगा, तो म्हणाला, "काकी, ह्याला थ्रिल बोलतात." ही म्हणाली, "काय पन नावं ठेवता रं! भुंगा हाय तो, भुंगा."

झालं! त्या दिवसापासून भुंगा. रोज सकाळी चहाच्या आधी मी तिच्या मनगटाला कान लावायचा आणि ती विचारायची, "वाजतोय ना?" मी म्हणायचं, "वाजतोय." मग चहा. गावातसुद्धा तेच! लोक एकमेकांना विचारतात, कसं काय, बरं आहे ना? आम्हाला विचारतात, "काका, भुंगा वाजतोय ना?" पाववाला सायकल थांबवून विचारतो! भात लावणीच्या वेळी पलीकडच्या बांधावरून माणूस ओरडतो, "धर्मादादा, भुंगाऽऽऽ?" मी चिखलात उभा राहून ओरडतो, "वाजतोयऽऽऽ!" नवीन माणसाला वाटावं, ह्यांच्यात काहीतरी सांकेतिक चाललंय.

आणि विकीनं पहिल्याच दिवशी आम्हाला समोर बसवून नियम सांगितले होते. ह्या हातावर बीपी मोजायचं नाही. ह्या हातातून रक्त काढायला द्यायचं नाही. वजन उचलायचं नाही, हात उशाखाली घेऊन झोपायचं नाही, घड्याळ नाही, दोरा नाही, घट्ट बाही नाही, बांगडी नाही. बांगडी तर नाहीच नाही. "काका," म्हणाला, "काकींच्या उजव्या हाताच्या शिरा सलाईननी खलास झाल्यात. हा एक हात आहे. हा गेला तर मानेत नळी टाकायला लागते, त्यात इन्फेक्शनची भानगड, आणि पुढं हात बनवायला शिरा मिळतीलच असं नाही." म्हणजे काय? म्हणजे भुंगा बंद, तर डायलिसिस बंद, तर... मी तिथून पुढचं वाक्य तीन वर्षांत कधी पूर्ण केलं नाही, आजही करत नाही.

बरं, इथवर सगळं ठीक. मग आलं भूपेशचं लग्न. एकुलता एक पोरगा आमचा. रविवारी लग्न, शनिवारी हळद, आणि गुरुवारी सकाळी घरात बायकांचा चुडा भरायचा कार्यक्रम. आता आमच्यात चुडा म्हणजे चुडा, तुम्हाला माहीतच आहे, दोन्ही हात मनगटापासून हिरवेगार. आणि तिथं आली आमची आक्का! आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तिला लग्नात एकच काम असतं, उणं काढणं. जेवणात मीठ बरोबर असलं तरी म्हणेल, "बरोबरच हाय, पन जरा जास्त बरोबर हाय." ती बसली जिजासमोर मांडी ठोकून आणि सुरू झाली, "गो जिजा, तू वरमाय. न् वरमाय अशी बसनार? एक हात भरलेला, एक हात भुंडा? लोकं काय म्हनतील? नवरा जिता असून..." अहो, मी तिथंच होतो! जिता! खुर्चीवर! हातात चहाचा कप! माझ्याकडं बोट दाखवून बोलत होती!

आणि जिजा... नुसती कासारणीच्या पेटीकडं बघत होती. तीन वर्षं डाव्या हातात काचेचा तुकडा नाही. त्या हातावर सुयांच्या खुणा, शीर वर आलेली, फोटो काढताना पदराखाली लपवते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "अवो, दोन-तीन दिसांचाच तर प्रश्न हाय. सोमवारी सुईच्या आधी काढीन. घालू?"

आणि मी काय म्हणालो?

हो म्हणालो. आता बघू नका असे! तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? तिनं असं बघितलं होतं ना... तीस वर्षं मी लोकांना नाही म्हणत आलो, नाही सुटे, नाही जागा, नाही थांबणार इथं, विनंती थांबा नाहीये हा, आणि जिथं एकदाच नाही म्हणायचं होतं तिथं माझ्या तोंडून हो गेलं. आणि शुक्रवारी डायलिसिस आहे हे? ते आक्कालासुद्धा आठवलं नाही, मलाही नाही, आणि हिला आठवलं असेल पण ही बोलली नाही. लग्नघर ते!

त्यात ही कासारीण! एक नंबर कारागीर, अख्ख्या पूर्व पट्ट्यात तिच्यासारखी बाई नाही, पण गर्व केवढा! जिजा म्हणाली, "मला अडीचची होते." तर ही भडकलीच, "अडीचची? अडीचची बांगडी म्हशीला! तुझा हात सव्वादोनचा हाय. माझ्या हातनं सैल बांगडी भरलेली कोनी दाखवावी, धंदा सोडीन." तिनं ती फुगलेली शीर बघितली, म्हणाली, "ही गाठ कसली गो?" आक्का म्हणाली, "ती तशीच हाय, तू भर." अशी पकडली बोटं, असा दाबला पंजा, अशी फिरवली... आणि सव्वादोनच्या अकरा बांगड्या! बरोब्बर त्या शिरेवर! मावायला जागा नाही, हलायला जागा नाही. आणि जिजा दोन्ही हात समोर धरून हसत होती हो... तीन वर्षांत अशी हसली नव्हती. म्हणून मला वाटलं, बरं झालं आपण हो म्हणालो.

शुक्रवार सकाळ. चहा ठेवला. नेहमीसारखा कान लावला तिच्या हाताला. काही नाही. मला वाटलं बांगड्या मध्ये येतायत, त्या जरा वर सरकवायला गेलो, सरकेनात. मला वाटलं माझा कानच गेला, दुसरा कान लावला. शांत. बोट ठेवलं. शांत. ती शीर कशी रोज उड्या मारायची, ती अशी घट्ट, गप्प, दोरीसारखी. जिजा विचारते, "वाजतोय ना?" नेहमीसारखंच विचारते. आणि मी अजून त्या शिरेवर बोट फिरवतोय. तिनं स्वतःच हात कानाला लावला. मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "भूपेशला उठवा."

नवरदेव गाडी चालवतोय, मांडववाल्याचा फोन येतोय, "झालर पिवळी की गुलाबी?" तो ओरडतोय, "कसलीपन लाव रे!" आणि आम्ही आचोळ्याला विकीसमोर. विकीनं हात धरला, स्टेथोस्कोप लावला, आणि त्याचं हसू असं हळूहळू उतरलं. "काका," म्हणाला, "थ्रिल नाय ए. क्लॉट झालाय, गुठळी." मग त्याचं लक्ष गेलं बांगड्यांवर. "बांगड्या? ह्या हातात? कोनी भरायला सांगितल्या?" मी छताकडं बघतोय, भूपेश माझ्याकडं बघतोय. तर जिजा म्हणाली, "मीच म्हटलं भर म्हनून." बघा! नवऱ्याला वाचवलं तिनं. तेव्हा वाचवलं, पुढचं सांगतो.

विकी म्हणाला, "जितक्या लवकर उघडेल तितकं चांगलं, उशीर केला तर शीर कायमची जाते. माणिकपूरला डॉक्टर ॲनिशा आहेत, चिरफाड नाय करत, फक्त सुईच्या भोकातून आत जातात, फुगा घालून शीर उघडतात. मी फोन करतो, पळा." फुगा? भूपेश म्हणाला, "बाबा, फुगा." म्हटलं, पोरा, मी ऐकलंय, चल!

माणिकपूरला पोचलो तर समोर एक पोरगी, केस बांधलेले, पायात रबरी चपला. मी तिला म्हटलं, "बाय, डॉक्टर कधी येतील?" म्हणाली, "काका, मीच डॉक्टर ॲनिशा." मी लगेच "हो का, हो का" करून बाकड्यावर बसलो. पण काय बघितलं तिनं! एक मिनिट वाया घालवलं नाही. डॉपलर मशीन आणलं, हातावर ती थंडगार जेली लावली, पडद्यावर बघायचं. रक्त पळत असलं की पडद्यावर लाल-निळं दिसतं. हिच्या हातात नुसतं काळं. तिनं मला दाखवलं, "काका, इथं बांगडीच्या खाली शीर चेपलीय, आणि मागं गुठळी साचलीय. उघडता येईल. पण ह्या बांगड्या आधी निघाल्या पाहिजेत."

"काढा," मी म्हटलं. सिस्टरनं साबण आणला, पाणी आणलं, ओढलं, हात लाल झाला, एक बांगडी निघेना. रात्रभरात हात सुजलेला, आणि वर ह्या सव्वादोनच्या! सिस्टर म्हणाली, "फोडायला लागतील." आणि तुम्हाला सांगतो, टेबलावर झोपलेली माझी बायको ताडकन उठून बसली! "फोडायच्या म्हनू नका बाय, वाढवायच्या म्हना. आनि वाढवायच्या पन नाय! रविवारी माझ्या पोराचं लगीन, मी आज चुडा वाढवू? मेली तरी नाय वाढवनार!" मी म्हटलं, "जिजा, अगं हात जाईल!" "जाऊ दे!" "अगं, जीव जाईल!" "जाऊ दे!" आता काय बोलायचं सांगा! मी म्हटलं आता डॉक्टर हिला झापणार. तर डॉक्टर काय म्हणते, "काकी बरोबर बोलतात. फोडायचं नावच काढू नका. ह्या शिरेच्या वर काच फुटली आणि आत घुसली तर रक्त थांबवता येणार नाही. अख्ख्याच काढायला पाहिजेत." दोघींचं एकदम एकमत! कारणं वेगळी, पण एकमत! मी सिस्टरकडं बघतोय, सिस्टर माझ्याकडं. डॉक्टर म्हणाली, "ज्यांनी भरल्या त्यांना काढता येतील का?"

आणि अशी, मंडळी, अशी बोलावली कासारीण!

भूपेश गाडी घेऊन सुटला, गाडीत डिझेल नाही म्हणून विरार फाट्यावर अडकला, तिथून त्यानं फोन केला तशी कासारीण स्वतःच रिक्षा करून आली, वॉचमनला तुम्हाला सांगितलं तसं गप्प केलं, आणि आत आली. तिला निळा गाऊन दिला, टोपी दिली, मास्क दिला. मास्कमधून म्हणते, "मला दम लागतोय, पन काय करनार, कामच असं." मग जिजाला बघितलं, हात बघितला, आणि कुणीतरी तिला सांगितलं काय झालंय ते. बाई जागच्या जागी मटकन खाली बसली. "मला कोनी बोललंच नाय गो! मी विचारलं ना, गाठ कसली म्हनून?" आणि माझ्याकडं बघितलं. सगळे माझ्याकडंच का बघतात?

मग उठली. बाह्या वर केल्या. तेल मागितलं, डॉक्टर म्हणाली तेल नको, नंतर इथं सुई घालायचीय. मग तिची नजर गेली त्या सोनोग्राफीच्या जेलीवर. एक थेंब बोटावर घेतला, चोळला, वास घेतला, आणि तिचे डोळे असे चमकले! "हे द्या." ओतली अर्धी बाटली! आणि काय ती कारागिरी हो... पंजा हातात घेतला, अंगठा आत वळवला, आणि हिच्याशी गप्पा सुरू, "सून कुठली गो? शिकलेली हाय? सैपाक येतो? भूपेशनं बघितली का तुम्ही?" जिजा उत्तर देतेय, आणि तिकडं सुर्रर्र... एक! कळलंसुद्धा नाही! "मांडव केवढा घातलाय?" सुर्रर्र... दोन! सिस्टर मोजतेय, मी मोजतोय, डॉक्टरसुद्धा मोजतेय. तीन! चार! सातवी जरा अडकली, सगळ्यांचा श्वास अडकला, कासारीण म्हणाली, "हळदीला मटन हाय ना?" जिजा म्हणाली, "शनवारी कसलं मटन!" सुर्रर्र... सात! अकराच्या अकरा बांगड्या ट्रेमध्ये, एकीला चरा नाही! अख्ख्या खोलीनं टाळ्या वाजवल्या, मी दारातून बेल दिली, म्हणजे तोंडानं, टिंग टिंग, डबल! कासारीण जाता जाता त्या जेलीची बाटली पदराखाली घालत होती, सिस्टरनं काढून घेतली. "कुठं मिळतं हे?" विचारत होती, "ह्यानं तर मी हत्तीच्या पायात बांगडी भरीन."

मग खरं काम सुरू झालं. डॉक्टर ॲनिशानं मला काचेच्या पलीकडं उभं केलं, छातीला शिशाचा जड कोट घातला, म्हणाली, "काका, इथून पडदा दिसेल, पण आवाज करायचा नाही." हे मला! बरं म्हटलं. हिला भूल पुरती दिलीच नाही, हातापुरतंच इंजेक्शन, ही टक्क जागी. सुईच्या भोकातून एक तार आत गेली, केसासारखी. मग आत औषध सोडलं, आणि पडद्यावर ती शीर दिसली, काळी काळी रेघ, आणि मध्येच... संपली! पुढं काही नाही! रस्ताच नाही! ती तार थांबली, मागं आली, जरा वळली, परत पुढं. थांबली. परत मागं. मी काचेवर दोन्ही हात ठेवून उभा, मनात म्हणतोय, चल ना गं, चल पुढं, पुढं सरक, पुढं सरक... तुम्हाला सांगतो, तीस वर्षांत एवढ्या मनापासून कुणाला पुढं सरक म्हटलं नाही. आणि गेली! त्या अडलेल्या जागेतून अशी हळूच निघाली पलीकडं!

मग त्या तारेवरून फुगा. आधी गुठळी ओढून काढली, मग फुगा त्या चेपलेल्या जागी नेला. डॉक्टर म्हणाली, "काकी, आता फुगा फुगवते, जोरात दुखेल, अर्धा मिनिट सहन करा." आणि फुगवला. पडद्यावर फुगा दोन्हीकडून फुगला, मध्ये मात्र चिमटा बसल्यासारखा आवळलेला. हिचा चेहरा मला काचेतून दिसतोय, दात आवळलेले, डोळ्यांतून पाणी, आणि... गायला लागली! अहो खरंच! धवला! आमच्याकडं लग्नात बायका धवले म्हणतात, देवांना लग्नाला बोलावतात, हिची आई धवलारीण होती, गावोगाव लग्नं लावायची, हिला सगळे पाठ. तिथं, त्या टेबलावर, हातात फुगा फुगत असताना ही एकेका देवाला नाव घेऊन लग्नाचं आवतण देतेय! गावदेवीला, वाघोबाला, ताडाखालच्या म्हसोबाला, सगळ्यांना, सुरात! डॉक्टर पंपाचा आकडा वाढवतेय, ही देव वाढवतेय. सिस्टर हसतेय, डॉक्टर हसतेय, आणि मी काचेमागं रडतोय. शेवटी सगळे देव संपले, फुगा अजून आवळलेलाच, तर हिनं त्याच चालीत डॉक्टरलाच घेतलं, "ॲनिशा बाय, तू पन ये गो, आईला घेऊन ये गो..." आणि त्याच क्षणी पडद्यावर तो मधला चिमटा... सुटला! फुगा असा पूर्ण, गोल, सरळ! फुगा काढला, औषध सोडलं, आणि ती काळी रेघ कोपरापर्यंत, दंडापर्यंत, न थांबता, न अडखळता, धो धो...

डॉक्टरनं हातावर बोट ठेवलं. मग मान वर केली, काचेतून माझ्याकडं बघितलं, आणि खुणेनं बोलावलं. मी तो दहा किलोचा कोट घालून पळालो. वाकलो. कान लावला.

घूंऽऽऽ घूंऽऽऽ घूंऽऽऽ!

असा वाजत होता, असा वाजत होता, पहिल्यापेक्षा दुप्पट! जिजा विचारतेय, "वाजतोय ना? अवो, बोला की, वाजतोय ना?" आणि मी कुठं बोलतोय, मी तिच्या हातावर डोकं ठेवून हमसाहमशी रडतोय. मागून सिस्टर, "काका, उठा, हातावर वजन नको, हातावर वजन नको!" मनगटापाशी एवढासा ठिपका, एक टाका, वर पट्टी. झालं! संध्याकाळी आचोळ्याला त्याच हातावर डायलिसिस! विकी सुई लावताना म्हणाला, "काकी, मस्त चालतंय, हायवे झालाय." घरी आलो तर मांडवाच्या दारात अख्खं गाव उभं, आणि सगळे एकदम, "भुंगाऽऽऽ?" जिजानं हात वर केला. काय सांगू, हळदीच्या आदल्या दिवशीच बेंजोवाल्यानं बेंजो काढला!

आता मी म्हणतो, इथं गोष्ट संपवायला काय हरकत होती? पण नाही. माणिकपूरहून निघताना डॉक्टर ॲनिशानं विचारलं, "काकी, एवढे नियम माहीत असून बांगड्यांना हो कोण म्हणालं?" सकाळी मला वाचवणारी माझी बायको, आता भुंगा चालू झाल्यावर तिच्यात केवढा जोर आला बघा, खाडकन बोट केलं, "हे! ह्यांनी हो म्हटलं!" डॉक्टर माझ्याकडं वळली. "काका, लग्न संपेपर्यंत काकींनी तुम्हाला काहीही विचारलं तरी उत्तर एकच. नाही. पाठ करा." आणि जिजा म्हणाली, "पाठ करा!" डिझेल भरून आलेला भूपेश म्हणाला, "पाठ करा बाबा!" कासारीण, ती अजून गेलीच नव्हती, ती म्हणाली, "करा!"

मी केलं पाठ! दोन दिवस, तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडात दुसरा शब्द नाही. हळदीला बायका विचारायच्या, "डाव्या हाताला हळद चोळू?" नाही! "वरमायनं कलश उचलायचा ना?" नाही! "ह्या हाताला कंकण बांधू?" नाही! आक्का एक सैल बांगडी घेऊन आली, "एकच, शकुनाची," तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत, नाही! माझी मोठी बहीण, आयुष्यात पहिल्यांदा तिला नाही म्हटलं, तीसुद्धा बघत राहिली. मला एकदम हुरूप आला. नाही म्हणायची काय मजा असते, ते मला एसटी सोडल्यावर पुन्हा कळलं.

आणि रविवारी, लग्नाच्या मांडवात. जिजा तयार होऊन बाहेर आली. हिरवं नऊवारी, नाकात नथ, उजवा हात हिरव्या चुड्यानं भरलेला, आणि डावा हात... मोकळा. पदराखाली लपवलेला नाही. अख्ख्या गावासमोर मोकळा, सुयांच्या खुणांसकट, वर चिकटपट्टी. डॉक्टर ॲनिशा आली होती, तिच्या आईला घेऊन. विकी आला होता. आक्का डोळे पुसत होती. फोटोवाला पुढं सरसावला, व्हिडिओवाल्यानं लाईट मारला, सगळा मांडव बघतोय, आणि माझी बायको, तीन वर्षांनी फोटोसाठी दोन्ही हात पुढं धरून, लाजून, माझ्याकडं बघून विचारते, "अवो... बरी दिसते का मी?"

आणि मी, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात...

"नाही!"

अल्बम आलाय घरी. या कधी बघायला. दोनशे चाळीस फोटो आहेत. प्रत्येक फोटोत ती हसतेय. प्रत्येक फोटोत माझ्याकडं तिची पाठ आहे.